संगणकाची मेमरी आणि पानांची आवराआवर

नवा घेतलेला संगणक पहिले कांहीं महिने तत्परतेनें काम करतो आणि पुढें एखादे दिवशीं, ऐन गरजेच्या वेळीं, जागच्या जागीं खिळून बसतो, हा अनुभव आतां बहुतेकांच्या परिचयाचा झाला आहे. पडद्यावरील बाण हलत नाहीं, अक्षरें उमटत नाहींत, आणि डिस्कचा लहानसा दिवा मात्र अखंड लुकलुकत असतो. अशा वेळीं सामान्य माणूस 'यंत्र जुनें झालें' असा निर्णय देऊन मोकळा होतो. पुष्कळदां हा निर्णय चुकीचा असतो. यंत्राचे सारे अवयव धड असतात. कोलमडलेली असते ती त्याच्या मेमरीची व्यवस्था. ही व्यवस्था कशी चालते, ती कोठें अडते, आणि गेल्या सुमारें पंचवीस वर्षांत तिच्यांतील दोष जाणत्यांनीं एकामागून एक कसे शोधून काढले, हें समजून घेणें वाटतें तितकें कठीण नाहीं. त्यास शाळेंतील अंकगणित आणि घरांतील आवराआवरीचा अनुभव एवढें भांडवल पुरतें.

संगणकांत एकाच वेळीं अनेक कामें चालूं असतात. त्या सर्वांस यंत्राचा वेळ, मेमरी आणि डिस्क वांटून देणारा जो मूळ कार्यक्रम, त्याच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. भरल्या घरांत भांडारघराच्या किल्ल्या ज्या बाईच्या कमरेला असतात, तिचें जें स्थान तेंच यंत्रांत कर्नलचें. लिनक्स नांवाचें कर्नल १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यानें प्रथम प्रसिद्ध केलें. त्याचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे. त्यामुळें देशोदेशींचे जाणकार त्यांत दुरुस्त्या सुचवितात, आणि कोणती दुरुस्ती केव्हां व कां झाली याची नोंदही राहते. अँड्रॉइड मोबाइलच्या पोटांत हेंच कर्नल असतें. म्हणून पंचवटींतील दुकानदाराच्या खिशांतील मोबाइल असो कीं मोठ्या पेढीचा संगणक असो, पुढील विवेचन दोहोंसही बहुतांशीं लागू पडतें.

मेमरी आणि डिस्क यांतील भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालची. असल्या एखाद्या जुन्या, समृद्ध वाचनालयाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. कपाटांत हजारों ग्रंथ आहेत. वाचावयाचें मेज मात्र एकच आणि बेताचें आहे. जो ग्रंथ वाचावयाचा तो कपाटांतून काढून मेजावर आणल्याशिवाय गत्यंतर नाहीं. संगणकांतील डिस्क म्हणजे हीं कपाटें, आणि मेमरी, जिला रॅम असेंही म्हणतात, ती म्हणजे हें मेज. डिस्क मोठी, स्वस्त आणि वीज गेली तरी मजकूर जपणारी. मेमरी लहान, महाग आणि वीज जातांच कोरी होणारी. मात्र वेगांत दोघींची तुलनाच होऊं शकत नाहीं. मेमरींतील एखादें पद उचलावयास सेकंदाचा सुमारें एक कोट्यंश लागतो, तर फिरत्या चकतीच्या डिस्कवरून तेंच आणावयास सेकंदाचा सुमारें शतांश लागतो. म्हणजे डिस्क एक लाख पटींनीं मंद झाली. मेजावरील ग्रंथ उघडावयास जर एक सेकंद लागत असेल, तर त्याच मापानें कपाटांतील ग्रंथ आणावयास एक लाख सेकंद, म्हणजे सत्तावीस तास शेहेचाळीस मिनिटें लागतील! आजच्या चकतीविरहित डिस्का पुष्कळच चपळ आहेत. तरी त्याही मेमरीच्या मानानें शेंकडों पटींनीं मागें आहेत. संगणक अडकला असें जेव्हां वाटतें, तेव्हां बहुधा तो हे सत्तावीस तास मोजीत बसलेला असतो.

मेमरीचा कारभार सोपा व्हावा म्हणून कर्नल तिचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतें. त्या तुकड्यास पेज, म्हणजे पान, असें नांव आहे. नित्याच्या संगणकांत एका पानांत ४,०९६ बाइट मावतात. चार गिगाबाइट मेमरी असेल तर पानांची संख्या १०,४८,५७६ होते. प्रत्येक पानावर कोणाचा मजकूर आहे, तो केव्हां वापरला गेला, डिस्कवर त्याची प्रत आहे कीं नाहीं, हा सारा हिशेब कर्नलनें ठेवावयाचा असतो. ही कल्पना इंग्लंडमधील मँचेस्टर येथें टॉम किलबर्न व त्याच्या सहकाऱ्यांनीं ॲटलास नांवाच्या यंत्रांत प्रथम प्रत्यक्षांत आणली. तें यंत्र १९६२ च्या डिसेंबरांत सुरू झालें. लहान मेमरी आणि मोठें फिरतें पिंप यांचा मेळ घालून, कार्यक्रम लिहिणारास सारी जागा एकसंध भासावी, अशी त्यांची योजना होती. नको असलेलें पान पिंपावर परत पाठवावयाचें, ही आजच्या आवराआवरीची पहिली आवृत्ति होय.

येथें एका सर्वसामान्य गैरसमजाचें निरसन करणें अवश्य आहे. संगणकाची मेमरी भरली आहे असें दिसतांच लोक घाबरतात. वस्तुतः चांगल्या कर्नलच्या हाताखालीं मेमरी बहुतेक भरलेलीच असते, आणि तशी ती असावयास पाहिजे. एकदां डिस्कवरून आणलेली फाइल पुन्हां लागण्याचा संभव असतो. म्हणून वाचून झाल्यावरही कर्नल ती मेमरींतच राहूं देतें. मेज रिकामें ठेवून प्रत्येक वेळीं कपाटाकडे धांवणारा वाचक शहाणा म्हणावयाचा काय? रिकामी मेमरी ही पैसे देऊन विकत घेतलेली आणि वापरांत नसलेली जागा होय. मोबाइलमधील 'मेमरी साफ करा' म्हणून जे कार्यक्रम असतात, ते पुष्कळदां उपयोगी पानें फेकून देतात, आणि मग तींच पानें पुन्हां आणावयास वेळ व वीज दोन्ही खर्च होतात.

परंतु मेज भरलेलें ठेवावयाचें तर नवा ग्रंथ आला असतां जुना हलविण्याची सिद्धता हवी. या हलविण्यास इंग्रजींत 'रिक्लेम', म्हणजे परत ताब्यांत घेणें, म्हणतात. सर्व पानें सारख्याच सुलभतेनें हलवितां येत नाहींत. पहिला प्रकार छापील ग्रंथासारखा: मेमरींतील मजकूर आणि डिस्कवरील फाइल तंतोतंत सारखीं असतात. असलें स्वच्छ पान विनाविलंब टाकून देतां येतें. लागल्यास मूळ प्रत कपाटांत आहेच. दुसरा प्रकार खुणा व दुरुस्त्या केलेल्या वहीसारखा: मेमरींत बदल झाला आहे आणि डिस्कवर अजून जुनाच मजकूर आहे. असलें पान टाकण्यापूर्वीं बदल डिस्कवर उतरवून घेतला पाहिजे. तोंवर जागा मोकळी होत नाहीं. तिसरा प्रकार सुट्या कागदांवरील कच्च्या आंकडेमोडीसारखा. चालू कामानें स्वतः निर्माण केलेला हा मजकूर कोणत्याच फाइलींत नसतो. म्हणून तो ठेवावयास डिस्कवर निराळी राखीव जागा करावी लागते. तिला स्वॅप म्हणतात. ती जागाच नसेल तर हे कागद हलवितांच येत नाहींत. याशिवाय कांहीं पानें मालकानें खिळवून ठेवलेलीं असतात. त्यांस हात लावण्याची सोयच नसते.

आतां मुख्य प्रश्न. नवें पान आलें असतां जुन्यांपैकीं कोणतें काढावें? १९६६ सालीं आय.बी.एम.मधील लास्लो बेलाडी यानें याचें आदर्श उत्तर दिलें: पुढें सर्वांत उशिरां लागणारें पान काढावें. उत्तर निर्दोष आहे, पण तें देण्यास भविष्यज्ञान पाहिजे, आणि तें कर्नलला नाहीं. मग सर्वांत आधीं आलेलें पान आधीं काढावें, हा रांगेचा न्याय कसा? तो दिसावयास सरळ, पण परिणामांत विचित्र आहे. समजा, एखाद्या कामास पानें १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमानें लागतात. मेमरींत तीनच पानांची जागा असेल तर रांगेच्या न्यायानें नऊ वेळां डिस्ककडे जावें लागतें. जागा वाढवून चार केली तर काम कमी व्हावयास हवें. प्रत्यक्षांत दहा वेळां जावें लागतें! श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब अवश्य करून पाहावा. बेलाडी व त्याचे दोन सहकारी यांनीं १९६९ सालीं हा चमत्कार लोकांपुढें मांडला. नियम चुकीचा असला म्हणजे साधनें वाढवून भागत नाहीं, उलट नुकसानही होऊं शकतें, हें त्यावरून सिद्ध झालें.

म्हणून व्यवहारांत भूतकाळावरून भविष्याचा अदमास बांधतात. जें पान पुष्कळ काळ कोणी वापरलें नाहीं, तें पुढेंही लवकर लागणार नाहीं, असें धरून चालावयाचें. परंतु प्रत्येक वापराची वेळ टिपून ठेवणें परवडत नाहीं. दहा लाख पानांचा असा रोजनामा लिहितांना मूळ काम राहून जाईल. त्याऐवजीं यंत्रच प्रत्येक पानाजवळ 'वापरलें' अशी एक खूण करतें. कर्नल मधूनमधून फेरी मारतें. खूण दिसली तर ती पुसून पानास आणखी एक संधि देतें, न दिसली तर पान काढण्यास योग्य ठरवितें. लिनक्सनें याच तत्त्वावर दोन याद्या केल्या. नित्य वापरांतील पानें पहिल्या यादींत, आणि जाण्याच्या वाटेवरील पानें दुसऱ्या यादींत. दुसऱ्या यादींतील पान पुन्हां वापरलें गेलें तर त्याला पहिल्या यादींत बढती मिळते. नाहीं तर तें शेवटाकडे सरकत सरकत बाहेर पडतें. दोन याद्यांचा एक फायदा स्पष्ट आहे. एखाद्यानें मोठा चित्रपट एकदांच पाहिला, तर त्याचीं लाखों पानें दुसऱ्या यादींतून येतात आणि जातात; नित्याच्या उपयोगाचीं पानें जागच्या जागीं राहतात.

कोणतें पान काढावें याइतकेंच तें केव्हां काढावें यालाही महत्त्व आहे. नाशिककरांस पाण्याच्या खुणेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. गोदेला पूर आला कीं पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलें कीं कमरेला, एवढ्यावरून सारें शहर सावध होतें. कर्नललाही अशाच खुणा असतात, आणि इंग्रजींत त्यांचें नांवही पाणपातळीच्या खुणेवरूनच पडलें आहे. भेद इतकाच कीं, मारुतीची खूण पाणी चढतांना पाहावयाची, आणि कर्नलची खूण मोकळी जागा उतरतांना पाहावयाची. या दृष्टीनें गंगापूर धरणाचा दाखला अधिक जुळतो. धरणांतील सांठा भरपूर असतां कोणी विचार करीत नाहीं. तो एका मर्यादेखालीं गेला कीं शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठीं राखून ठेवलेला हिस्सा शेताला किंवा कारखान्याला देतां येत नाहीं.

कर्नलच्या खुणा तीन: वरची, मधली आणि तळची. मोकळ्या पानांची संख्या मधल्या खुणेखालीं गेली कीं केस्वॅपडी नांवाचा एक सेवक जागा होतो. तो पाठीमागें, कोणाचें काम न अडवितां, पानें परत घेत राहतो, आणि मोकळी जागा वरच्या खुणेपर्यंत पोंचली कीं पुन्हां निजतो. मागणी त्याच्या वेगाहून अधिक झाली आणि पातळी तळच्या खुणेस येऊन ठेपली, तर मात्र ज्या कामाला जागा हवी असेल त्यालाच स्वतः आवराआवर करावयास लावण्यांत येतें. माणसाला पडदा अडकलेला दिसतो तो बहुधा याच वेळीं. कारण जो कार्यक्रम अक्षरें उमटविणार, तोच जागा शोधण्यांत गुंतलेला असतो.

तळची राखीव जागा किती असावी याचा मूळ हिशेब मोठा मनोरंजक आहे. मेमरीचे किलोबाइट घ्यावे, त्यांस १६ नें गुणावें, आणि गुणाकाराचें वर्गमूळ काढावें. चार गिगाबाइटांचे ४१,९४,३०४ किलोबाइट होतात. हिशेब केला असतां उत्तर ८,१९२ किलोबाइट, म्हणजे आठ मेगाबाइट येतें. मेमरी चौपट करून सोळा गिगाबाइट केली तर राखीव जागा सोळा मेगाबाइट, म्हणजे दुप्पटच होते. यंत्र मोठें झालें म्हणून त्याच्याकडे तारेनें येणारा मजकूर त्याच प्रमाणांत वाढत नाहीं, हें यामागील कारण. परंतु यंत्रें फारच मोठीं झाल्यावर तळची व मधली खूण यांतील अंतर अपुरें पडूं लागलें. सेवक जागा होऊन हातपाय हलवितो न हलवितो, तोंच पातळी तळाला गेलेली असे. म्हणून २०१६ सालच्या ४.६ या आवृत्तींत हें अंतर एकंदर मेमरीच्या प्रमाणांत वाढविण्याची सोय करण्यांत आली.

अशा रीतीनें आराखडा सुबोध असला तरी प्रत्यक्ष चालविणें किती अवघड आहे, हें लिनक्सच्या इतिहासावरून दिसतें. २.४ ही आवृत्ति २००१ च्या जानेवारींत आली. तींतील मेमरीची व्यवस्था मुख्यतः रिक व्हॅन रील या डच तज्ज्ञाची होती. भार वाढतांच यंत्रें अडकतात अशा तक्रारी येत राहिल्या. त्याच वर्षीं सप्टेंबरांत, २.४.१० या आवृत्तींत, टॉरवाल्ड्सनें ती काढून इटलीच्या अँड्रिया आर्कांजेली याची नवी व्यवस्था बसविली. वापरांत असलेल्या आवृत्तीचा असा मध्यंतरीं पायाच बदलल्याबद्दल त्या वेळीं तीव्र वाद झाला. व्हॅन रीलचें कार्य मात्र थांबलें नाहीं. एखादें पान कोणकोणतीं कामें वापरतात हें पानावरूनच उलट शोधण्याची त्याची युक्ति २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ आवृत्तींत होती. २००८ च्या डिसेंबरांत २.६.२८ मध्यें फाइलींचीं पानें आणि सुट्या कागदांचीं पानें यांच्या याद्या वेगळ्या झाल्या, आणि खिळलेल्या पानांना स्वतंत्र यादी मिळाली. तोंपर्यंत, ज्यांस हात लावतां येत नाहीं अशीं लाखों पानें सेवक पुन्हां पुन्हां चाळीत बसे, आणि मोठ्या यंत्रांत त्या चाळण्यांतच त्याची सारी शक्ति जाई.

सेवक निजत नाहीं, हा दुसरा जुना रोग. मेमरीचे कांहीं विभाग असतात, आणि सर्व विभाग समतोल झाल्यावांचून केस्वॅपडीनें निजूं नये असा नियम होता. कांहीं नव्या संगणकांत शेवटचा विभाग अगदीं लहान होता, आणि त्यांत परत घेण्याजोगें कांहींच नव्हतें. मोठ्या फाइलींची नक्कल करतांना सेवक त्या विभागाशीं झगडत राही. अन्यत्र जागा मुबलक असतांही यंत्राचा एक भाग शंभर टक्के त्यांतच गुंते. मेल गॉर्मन यानें २०११ सालीं ह्या दोषाची दुरुस्ती केली. पुढें २०१६ च्या ऑक्टोबरांत, ४.८ आवृत्तींत, विभागवार याद्याच काढून टाकून एका बाजूची सारी मेमरी एका यादीखालीं आणण्यांत आली. तरीही एक फट राहिली होती. एखाद्या बाजूची सर्वच मेमरी न हलविण्याजोग्या पानांनीं व्यापली, तर सेवक कधींच यशस्वी होणार नाहीं आणि कधींच निजणारही नाहीं. जोहानेस वाइनर याच्या दुरुस्तीनें २०१७ सालच्या ४.१२ आवृत्तींत असा नियम आला कीं, लागोपाठ सोळा फेऱ्यांत एकही पान हातीं लागलें नाहीं तर सेवकानें स्वस्थ निजावें. अन्य कोणास पान परत घेण्यांत यश आलें तरच मोजणी पुन्हां शून्यापासून सुरू व्हावी. न मिळणारी वस्तु शोधणें केव्हां थांबवावें, हेंही यंत्राला शिकवावें लागतें.

तिसरा रोग सर्वांत भयंकर. चालू कामांना खरोखर जितकीं पानें लागतात, तितकी मेमरीच नसली म्हणजे आतां काढलेलें पान क्षणांत परत मागितलें जातें, आणि तें आणण्यासाठीं जें दुसरें काढावें तेंही लगेच लागतें. पीटर डेनिंग यानें १९६८ सालीं या अवस्थेचें मर्म उलगडून दाखविलें. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर मावतील त्याहून अधिक यात्रेकरू एकदम सोडले तर कोणाचेंच स्नान होणार नाहीं. टप्प्याटप्प्यानें सोडले तर सर्वांचें होईल. त्याचप्रमाणें प्रत्येक कामाला त्या त्या वेळीं आवश्यक असलेला पानांचा संच मेमरींत मावेल, इतकींच कामें एका वेळीं चालवावीं, असा डेनिंगचा उपदेश आहे. दुखणें ओळखण्याचें साधन मात्र पुष्कळ उशिरां आलें. वाइनरनेंच २०१४ सालच्या ३.१५ आवृत्तींत अशी योजना केली कीं, पान बाहेर काढतांना त्याच्या जागीं एक चिठ्ठी ठेवावयाची. पान परत आलें म्हणजे चिठ्ठीवरून, तें गेल्यापासून किती पानें हलविलीं गेलीं, हें कळतें. अंतर थोडें असेल तर पान काढण्यांतच चूक झाली असें समजून त्याला सरळ पहिल्या यादींत घ्यावयाचें. पुढें २०१८ च्या डिसेंबरांत, ४.२० आवृत्तींत, मेमरीच्या टंचाईपायीं कामांचा किती टक्के वेळ फुकट गेला याचें मापही कर्नल देऊं लागलें. गेल्या दहा सेकंदांचें, एका मिनिटाचें आणि पांच मिनिटांचें अशीं तीन मापें मिळतात.

आणि हें सारें करूनही जागा झाली नाहीं तर? मग कर्नल शेवटचा उपाय योजतें: चालू कामांपैकीं एक ठार मारतें. सर्वसाधारणपणें सर्वाधिक मेमरी अडविणारें काम यांत बळी पडतें. यंत्राच्या दृष्टीनें हें न्याय्य असेल. परंतु पुष्कळदां सर्वाधिक मेमरी त्याच कामानें घेतलेली असते, ज्यासाठीं माणूस यंत्रापुढें बसलेला असतो. विद्यार्थ्याचा अर्धवट लिहिलेला निबंध, रुग्णालयांतील अपुरी नोंद, शेतकऱ्याचा अर्ज, हीं एका क्षणांत नाहींशीं होतात. म्हणून आवराआवर वेळेवर आणि विवेकानें होणें ही केवळ वेगाची बाब राहत नाहीं. प्रत्येक कामाला उणें एक हजार ते एक हजार यांमधील एक अंक देऊन त्याची पाळी मागें-पुढें करतां येते. उणें एक हजार अंक असलेलें काम कर्नल या कारणासाठीं कधींच मारीत नाहीं. महत्त्वाच्या यंत्राच्या चालकानें हा अंक विचारपूर्वक ठरविला पाहिजे.

अलीकडील सुधारणांपैकीं दोन विशेष उल्लेखनीय आहेत. पहिली, गूगलमधील यू झाओ यानें केलेली पिढ्यांची रचना; ती २०२२ च्या डिसेंबरांत, ६.१ आवृत्तींत, समाविष्ट झाली. तींत दोन याद्यांऐवजीं पानांच्या, वयानुसार, अधिकांत अधिक चार पिढ्या असतात, आणि सर्वांत वृद्ध पिढींतील न वापरलेलीं पानें आधीं जातात. दुसरी, झेडरॅम. तींत सुटे कागद डिस्कवर न पाठवितां मेमरींतच दाबून लहान केले जातात. गादी घट्ट गुंडाळून माळ्यावर ठेवावी तसें. हें काम नितीन गुप्ता यांनीं आरंभिलें, आणि २०१४ सालच्या ३.१४ आवृत्तींत तें कर्नलच्या मुख्य भागांत आलें. कामांच्या एखाद्या गटानें मेमरी किती घ्यावी याची मर्यादा घालणारी व्यवस्था २००८ सालच्या २.६.२५ आवृत्तींत आली. तींत बलबीर सिंग यांचा मोठा वांटा आहे. थोड्या मेमरीचे अँड्रॉइड मोबाइल चालण्यांत झेडरॅमचें साहाय्य फार मोठें आहे. ज्या घरांत एकच जुना मोबाइल आहे आणि त्यावरच मुलांचा अभ्यास चालतो, तेथें ह्या सुधारणेचें मोल पैशांत सांगतां येईल.

शेवटीं, संगणक अथवा मोबाइल बाळगणारानें काय पाहावें? मोकळी मेमरी किती, हा आंकडा पाहून चिंता करूं नये, ३.१४ आवृत्तीपासून कर्नल 'उपलब्ध' मेमरीचा निराळा आंकडा देतें, आणि त्यांत सहज परत घेतां येणारीं पानें धरलेलीं असतात. तो पाहावा. स्वॅपमध्यें थोडा मजकूर असणें हें दुखणें नव्हे. स्वॅपमध्यें सतत जा-ये चालूं असणें हें दुखणें होय. स्वॅप मुळींच बंद करून टाकणें म्हणजे सुट्या कागदांना कपाटच न ठेवणें. मग टंचाईंत उपयोगी फाइलींचीं पानें आधीं बळी जातात. सुटे कागद व फाइली यांतून कोणास आधीं हलवावें, याचा कल 'स्वॅपीनेस' नांवाच्या अंकानें ठरतो. तो मूळचा ६० असतो, आणि आधीं माप घेतल्याशिवाय तो बदलण्यांत हंशील नाहीं. एका वेळीं उघडीं ठेवलेलीं कामें कमी करणें, हा उपाय डेनिंगच्या काळापासून आजपर्यंत खरा ठरला आहे. एवढें करूनही यंत्र वारंवार अडकत असेल, तर मेमरी वाढवावी. बहुतेक मेजावरील संगणकांत ती वाढवितां येते, आणि नवें यंत्र घेण्याच्या मानानें तो खर्च थोडा असतो. यंत्र भंगारांत काढण्याचा विचार त्यानंतर करावा.